वाचनालयाच्या हॉलमध्ये जुने गाणारे विनोदी बोलपट दाखवायचे आहेत : कुठले निवडावे, कसे दाखवावे?

तिठ्यावरचा (वेंगुर्ला)

आमच्या भागातल्या एका वाचनालयात ऑक्टोबर ते जानेवारी, दर महिन्याच्या एका रविवारी संध्याकाळी जुना चित्रपट दाखवायचं ठरतंय. विषय मुद्दाम आडबाजूचा घेतलाय. चित्रपट नुकता बोलू लागला त्या काळातले, साधारण १९२९ ते १९४० मधले, गाणी असलेले विनोदी बोलपट. मराठी हवेतच, परदेशीही चालतील. सगळ्यांना पाठ असलेली नावं नकोत.

सामान असं आहे : फुल एचडी प्रोजेक्टर, लॅपटॉप, गणपती मंडळाचे दोन मोठे स्पीकर आणि त्यांचाच मिक्सर, पडद्याच्या जागी पांढरी चादर. हॉलचा पुढचा भाग स्लॅबचा, मागचा पत्र्याचा. साठ-सत्तर खुर्च्या. येणारे म्हणजे निवृत्त मास्तर, बाजारपेठेतले दुकानदार आणि कॉलेजची थोडी पोरं.

चाचणीत दोन गोष्टी खटकल्या. आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. आणि माणसं जाडी दिसतात. तर :

१. चार कार्यक्रमांना कुठले चित्रपट घ्यावे, कुठल्या क्रमानं?
२. आवाज आणि चित्र कसं सुधारावं?
३. परवानगीचं काय?
४. जवळच्या शाळेच्या कपाटात फिल्मचे काही जुने डबे आहेत. त्यात यातलं काही सापडेल का?

---

तिसरी घंटा (रत्नागिरी)

आधी क्रमाबद्दल. या काळातल्या चित्रपटांचे ढोबळ दोन गट आहेत. एकात गाण्याला निमित्त लागतं : नाटक कंपनीची तालीम चाललेली असते, कोणी क्लबात गाणारी असते, म्हणून गाणं. दुसऱ्यात माणूस निमित्त न शोधता सरळ गाऊ लागतो. हॉलिवूडचा १९२९ चा बराचसा माल पहिल्या गटातला आहे आणि आज तोच जास्त कंटाळवाणा वाटतो. तुमच्या प्रेक्षकांना निमित्ताची गरजच नाही. दशावतारात बाकड्यावर बसलेला राजा बोलता बोलता पद म्हणू लागतो, पेटी-मृदंगवाले बाजूला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसलेले असतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. म्हणून दुसरा गट घ्या.

ऑक्टोबर : रेने क्लेअरचा ‘ले मिलियों’ (१९३१, फ्रेंच). लॉटरीचं तिकीट कोटाच्या खिशात आणि कोट भलत्याच्या अंगावर, एवढीच गोष्ट. शेजारी, दुकानदार, पोलीस, सगळे अधूनमधून गाण्यातच बोलतात. ऑपेरातला प्रसंग नीट बघा. रुसलेली जोडी सजावटीच्या झाडाआड अडकलेली असते, पलीकडे रंगमंचावर जाडजूड गायक-गायिका प्रेमाचं द्वंद्वगीत गात असतात, आणि त्यांचा शब्द न् शब्द या दोघांना लागू पडतो. नंतर कोटासाठी झोंबाझोंबी सुरू होते तेव्हा क्लेअरनं तिच्यावर रग्बीच्या सामन्याचा कोलाहल आणि शिट्टी चढवली आहे. आवाज आणि चित्र वेगवेगळं घेऊन जोडता येतं हे तेव्हा नुकतंच उमगलं होतं. त्या उमगण्याची मजा इथे दिसते.

नोव्हेंबर : ‘ब्रह्मचारी’ (१९३८). हंस पिक्चर्स, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक, लेखन आचार्य अत्रे. भाषण ऐकून ब्रह्मचर्याचं खूळ डोक्यात घेतलेला औदुंबर आणि त्याचा निश्चय मोडायला निघालेली किशोरी. मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखातल्या गाण्याबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं, अख्खा चित्रपट मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. विनायकांचा अभिनय त्या एका गाण्यापेक्षा मोठा आहे.

डिसेंबर : रूबेन मामूलियनचा ‘लव्ह मी टुनाइट’ (१९३२). पॅरिसच्या शिंप्याच्या दुकानात मोरिस शेव्हालिए एक गाणं सुरू करतो. गिऱ्हाईक ते गुणगुणत बाहेर पडतं, टॅक्सीवाला शिट्टीवर धरतो, टॅक्सीत बसलेला संगीतकार त्याचे स्वर टिपून घेतो, आगगाडीत सैनिक ते उचलतात, रानातला जिप्सी फिडलवर वाजवतो, आणि शेवटी ते वाड्याच्या सज्जात उभ्या असलेल्या राजकन्येपर्यंत पोचतं. शिंपी आणि राजकन्या अजून भेटलेलेही नाहीत, पण गाणं पोचलं. सुरुवातीला पॅरिस जागं होतानाचे कुदळीचे, झाडूचे, हातोडीचे ठोके ताल धरत जातात तेही चुकवू नका. पुढे अमेरिकेत सेन्सॉर कडक झाल्यावर पुनःप्रदर्शनासाठी यातली आठेक मिनिटं छाटली गेली आणि ती परत मिळालेली नाहीत. त्यामुळे एखाद-दुसरा प्रसंग तुटक वाटला तर ती फाइल खराब आहे असं समजू नका.

जानेवारी : ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९). पुन्हा विनायक-अत्रे, पण इथे दामुअण्णा मालवणकर. साधाभोळा कारकून औषधासाठी ब्रँडी शोधत फिरतो आणि ती कुठे मिळते याचा त्याला पत्ता नसतो. मुंबईत दारूबंदी १ ऑगस्ट १९३९ ला आली. प्रास्ताविकात हे एक वाक्य सांगा, अर्धे विनोद आपोआप उघडतील. पर्याय म्हणून ‘लग्न पहावे करून’ (१९४०) : चिं. वि. जोश्यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ, दामुअण्णा आणि विष्णुपंत जोग.

हाताशी एक राखीव ठेवा : ‘मिलियन डॉलर लेग्ज’ (१९३२). जेमतेम तासाभराचा. क्लॉपस्टोकिया नावाच्या देशात सगळ्या पुरुषांचं नाव जॉर्ज आणि सगळ्या बायकांचं अँजेला. मुख्य फिल्म ऐन वेळी चालली नाही तर हा कामाला येतो.

एक काळजी. एडी कँटर, अल जॉल्सन यांचे त्या काळातले अमेरिकन चित्रपट आधी स्वतः पूर्ण बघितल्याशिवाय लावू नका. कृष्णवर्णीयांची नक्कल म्हणून चेहऱ्याला काळं फासून केलेले प्रवेश त्यात मध्येच येतात आणि मुलं बसलेली असली की अवघड होतं.

---

काळी दोन (सावंतवाडी)

तुमच्या दोन्ही तक्रारी दुरुस्त होण्यासारख्या आहेत, खर्चही फारसा नाही.

जाडी माणसं : प्रोजेक्टर किंवा प्लेअर चौकोनी चित्र ताणून १६:९ मध्ये बसवतोय. प्रोजेक्टरच्या मेन्यूत ॲस्पेक्ट (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) ‘ऑटो’ किंवा ‘ओरिजिनल’ करा, ‘फुल’ किंवा ‘वाइड’ नको. १९३२ पासूनचं प्रमाण १.३७:१. त्याआधी, १९२९ ते १९३१ मध्ये, फिल्मच्या कडेला ध्वनिपट्टी आली आणि चित्राची तेवढी रुंदी गेली, म्हणून तेव्हाचं प्रमाण जवळजवळ चौरस, १.१९:१. तुमचं १६:९ चं चित्र ८ फूट रुंद पडत असेल तर उंची साडेचार फूट. त्यात १.३७ चं चित्र सव्वासहा फुटांच्या आत-बाहेर दिसेल आणि १.१९ चं ५ फूट ४ इंच. दोन्ही बाजूंना काळं राहणारच. तिथे काळं सुती कापड सोडा, चित्र लगेच उजळ वाटतं.

काही नकलांमध्ये १.१९ चं चित्र वरखाली कापून १.३७ केलेलं असतं. ओळखायची खूण : श्रेयनामावलीची अक्षरं काठाला चिकटलेली, उभ्या माणसाचं डोकं कापलेलं, नाचात पावलं गायब. संगीतिकेत पावलं गेली तर उरलं काय? अशी नक्कल घेऊ नका.

चादर काढा. प्रकाश आरपार जातो आणि पंख्याच्या वाऱ्यानं चित्र हलतं. सपाट भिंत असेल तर चकाकी नसलेल्या पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात पुरे.

आता आवाज. मंडळाच्या मिक्सरवर माइकसाठी ‘इको’ किंवा ‘रिव्हर्ब’ची बटणं असतात आणि ती गणपतीपासून तशीच चालू राहिलेली असतात. आधी ती शून्यावर आणा. निम्मं घुमणं तिथेच थांबेल. त्यानंतर :

या फिल्मांचा आवाज एकाच वाहिनीचा (मोनो) आहे. दोन कोपऱ्यांतल्या दोन स्पीकरांतून तो सोडला की मागच्या रांगांना शब्द दुहेरी ऐकू येतो. एकच स्पीकर घ्या, पडद्याच्या खाली मधोमध, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर.

बास खाली आणा. १००-१२० हर्ट्झच्या खाली या ध्वनिपट्टीत घरघरीशिवाय काही नाही. वर ६-७ हजारांच्या पुढे नुसती सरसर, तीही उतरवा. २ ते ३ हजारांच्या पट्ट्यात २-३ डेसिबल वाढवले की शब्द सुटे होतात. सॉफ्टवेअरनं आवाज ‘स्वच्छ’ करायच्या मागे लागू नका. त्यात सरसरीबरोबर ‘स’, ‘श’, ‘च’ही पुसले जातात आणि विनोद म्हणजे शेवटी शब्दच.

लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर ‘हूं’ असा आवाज येत असेल तर अर्थिंगची भानगड आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालवा किंवा आवाजाच्या तारेत मधे आयसोलेटर (हा ‘हूं’ अडवणारी छोटी डबी) घाला. ब्लूटूथ नको, ओठ आणि शब्द यांत फरक पडतो. तार वापरा.

आणि सुरांची पट्टी तपासा. युरोपात दूरदर्शनसाठी काढलेल्या नकला सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी पळतात. ९० मिनिटांचा चित्रपट ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपतो आणि सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वर चढतो : काळी एकचा सा पांढरी दोनकडे सरकलेला. आपल्याकडे पेटीवर हात असलेले लोक घरोघरी आहेत, त्यांना हे बोचतं, पण काय बोचतंय ते सांगता येत नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. मात्र त्याआधी ऑडिओच्या सेटिंगमधला ‘टाइम स्ट्रेचिंग’ पर्याय बंद करा. तो चालू असेल तर वेग उतरतो, सूर तिथेच राहतो.

निवडीबद्दल एवढंच : मराठीचा पहिला कार्यक्रम ऑक्टोबरातच घ्यावा असं माझं मत. पहिल्याच रविवारी फ्रेंच लावलं तर दुसऱ्या रविवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

---

गजालीवालो (मालवण)

ऑक्टोबराक पावस गेलो असा धरून चालू नकात. परतीचो पावस पत्र्यार वाजाक लागलो काय तुमचो बोलपट मूकपट झालो. पत्र्याखालची मागची खुर्च्यांची रांग पुढे स्लॅबाखाली घेवा. आणि डिसेंबराचो रविवार जत्रा बघून ठरवा. गावात दशावतार आसलो तर शेव्हालिए येवन उभो रवलो तरी कोण येवचो नाय.

---

तिठ्यावरचा (वेंगुर्ला)

इको खरंच चालू होता! बंद केला, फरक मोठा आहे. जत्रेचं पटलं, तारीख बदलतो.

दोन पुरवणी प्रश्न. फ्रेंच आणि इंग्रजी चित्रपटांना मराठी उपशीर्षकं करायची तर काय पथ्यं? आणि शाळेतले डबे बघितले : काहींना आंबूस वास येतोय, दोन गंजून चिकटलेत.

---

खालची ओळ (देवगड)

विनोदी संगीतिकेची उपशीर्षकं नेहमीच्या चित्रपटापेक्षा वेगळी करावी लागतात.

पहिलं पथ्य वेळेचं. विनोदाचा शेवटचा शब्द नटाच्या तोंडून निघण्याआधी खाली दिसता कामा नये. सभागृह आधी हसतं आणि नट नंतर बोलतो. म्हणून लांब वाक्य दोन तुकड्यांत तोडा, दुसरा तुकडा शेवटच्या शब्दाबरोबरच उमटू द्या. एका वेळी दोनच ओळी, ओळीला ३५-४० अक्षरं, पडद्यावर किमान दीड सेकंद आणि कमाल सहा.

दुसरं, गाणी. प्रत्येक ओळीचा अर्थ लिहायचा हट्ट धरू नका. ध्रुवपद पहिल्यांदा येतं तेव्हा लिहा, पुन्हा येईल तेव्हा सोडून द्या. ‘लव्ह मी टुनाइट’मधलं ते फिरतं गाणं माणसागणिक शब्द बदलतं, तिथे बदललेली ओळ तेवढी द्या. यमक जमलं तर उत्तम, ओढून आणलेलं यमक मात्र गद्यापेक्षा वाईट.

तिसरं, फाइल. यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन येतात. टीव्हीला यूएसबी लावून चालवणार असाल तर जोडाक्षरं फुटण्याची शक्यता फार : ‘प्रेम’चं ‘प् रेम’ होतं. त्यापेक्षा हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरनं उपशीर्षकं चित्रात कायमची भाजून घ्या आणि पाचेक मिनिटांचा तुकडा त्याच प्रोजेक्टरवर बघा. मुक्ता किंवा नोटो सान्ससारखा जाड, साधा फाँट, पांढरी अक्षरं, काळी कड. चित्र चौरस असेल तर खाली पावलांवर अक्षरं येतात, म्हणून नाचाच्या जागी ओळ बाजूच्या काळ्या पट्टीत घेता येते का बघा.

आणि एक : ‘डी ड्राय फॉन डेर टांकश्टेले’ (१९३०) पुढेमागे लावलात, आणि लावावाच, तर कुठली आवृत्ती हाती आहे ते आधी तपासा. तीन कफल्लक मित्र पेट्रोलपंप चालवतात आणि तिघंही एकाच मुलीवर भाळतात, अशी ती जर्मन संगीतिका. शेवटी नायक-नायिकेला प्रेक्षक अजून बसलेत हे दिसतं आणि साग्रसंगीत समारोप केल्याशिवाय ते उठणार नाहीत हे ध्यानात येतं. तिची फ्रेंच आवृत्ती त्याच सुमारास वेगळी चित्रित झाली होती, नायिका लिलियन हार्वी दोन्हीकडे. ‘प्रभात’नं ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठी-हिंदीत वेगवेगळा चित्रित केला तोच प्रकार. जर्मनची उपशीर्षकं फ्रेंचला लावली तर पहिल्या पाच मिनिटांतच पंचाईत.

---

डबेवाला (चिपळूण)

आंबूस वास म्हणजे ॲसिटेटची फिल्म कुजू लागली आहे. ॲसेटिक आम्ल सुटतं, दमट हवेत आणि उन्हाळ्यात ते भराभर वाढतं, आणि एका डब्याची लागण शेजारच्या डब्यांनाही होते. म्हणून :

आंबलेले डबे आजच वेगळ्या कपाटात, शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, वाफ आत कोंडते. गंजलेली झाकणं स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, फिल्मची कड फाटते. डबा उघडायचा तर खिडकी उघडी ठेवून. काहीही झालं तरी ती फिल्म जुन्या प्रोजेक्टरवर चढवून ‘बघू तर खरं’ करू नका : आक्रसलेल्या फिल्मची भोकं दात्यांवर बसत नाहीत आणि फूटभर जाण्याआधी ती चिरते.

रुंदी मोजा. १६ मिलिमीटर असेल तर आगीची भीती नाही. ३५ मिलिमीटर आणि १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल तर नायट्रेट असू शकते, ती भडकली तर पाण्यानंही विझत नाही. कडेवर ‘सेफ्टी’ असं छापलेलं दिसलं नाही तर तो डबा सावलीत, लोकांपासून दूर ठेवा, घरात नेऊ नका, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला फोटोसकट कळवा. पुण्यातच २००३ साली नायट्रेटच्या साठ्याला आग लागून मोठा ठेवा गेला. त्यानंतर तरी कोणी हा खेळ करू नये.

आत काय असेल? शाळेच्या कपाटात बहुतेक वेळा फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट निघतात. १६ मिलिमीटरची ४०० फुटांची रीळ ११ मिनिटांची, म्हणजे एक-दोन रिळांचे सुटे डबे असतील तर तेच धरून चाला. तरी डब्यावरचं लेबल आणि फिल्मच्या सुरुवातीच्या पट्टीवरचं हस्ताक्षर दोन्ही लिहून काढा. डबे आणि रिळं अदलाबदल झालेली असतात.

परवानगी. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, त्यामुळे या यादीतल्या चित्रपटांचा चित्रपट म्हणून हक्क संपला आहे. पण कथा, संवाद, गीतं यांचा हिशेब वेगळा : लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, त्यांची मुदत २०२३ अखेर संपली. या हिशेबानं, जोश्यांच्या लेखनापुरता तरी, ‘लग्न पहावे करून’ जास्त मोकळा. परदेशी कंपन्यांनी नव्यानं सुधारलेल्या डिस्कवर ‘फक्त घरगुती वापर’ लिहिलेलं असतं, तिच्यासाठी त्या कंपनीला पत्र टाका. चांगली नक्कल आणि कागदपत्रं दोन्हीसाठी संग्रहालयाला वाचनालयाच्या लेटरहेडवर, तारीख, खुर्च्यांची संख्या आणि प्रवेश विनामूल्य असल्याचा उल्लेख करून लिहा. दोन-अडीच महिने आधी लिहिलेलं बरं.

---

तिसरी घंटा (रत्नागिरी)

काळी दोन यांचं म्हणणं मान्य. ‘लग्न पहावे करून’ ऑक्टोबरात घ्या, ‘ले मिलियों’ जानेवारीत. परवानगीच्या दृष्टीनंही सोपं.

एक राहिलं. जुने मराठी चित्रपट दोन तासांच्या वर जातात, त्यांना मध्यंतर द्यावंच लागेल. घड्याळ बघून तोडू नका, प्रसंग संपून पडदा काळा होतो तिथे तोडा. ‘ले मिलियों’ला मध्यंतर अजिबात नको, चहा आधी उरकून घ्या.

आणि घरी मोबाइलवर चाचणी बघताना विनोदानंतर नट नुसते उभे राहिलेले दिसतील, संवाद दोन-तीन सेकंद थांबलेला असेल. तो भाग कंटाळवाणा म्हणून कापायचा मोह होईल, कापू नका. भरलेलं थिएटर हसेल आणि पुढचं वाक्य बुडेल या हिशेबानं ती जागा सोडलेली असते. त्यात जिवंत ध्वनिमुद्रणाची भर. पार्श्वगायन आपल्याकडे १९३५ मध्ये न्यू थिएटर्सच्या ‘भाग्यचक्र’ आणि त्याच्या हिंदी ‘धूप छाँव’पासून आलं. त्याआधी नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचा, वादक चौकटीच्या जरा बाहेर, भिंतीआड किंवा झाडाआड. गाता गाता नट एकाच जागी खिळून उभा दिसला तर माइक जवळपास कुठेतरी लपवलेला आहे असं समजा. फुलदाणी, टेबलावरचा दिवा, कुंडी. कॉलेजच्या पोरांना आधी एवढं सांगून ठेवा, ती चित्रपटभर माइक शोधत बसतील.